बरेजावर काय घालायचं?

रुख्माची आणि देवचंदची पहिली भेट झाली तेव्हा देवचंद बैलगाडीखाली आडवा पडलेला होता आणि रुख्माच्या हातात विळा होता.

होळी चार दिवसांवर आली होती. नागऱ्याच्या वाटेवर, तलावाच्या पाळीला लागून रुख्माच्या वडिलांचा, चैतरामचा बरेजा होता... विड्याच्या पानांचा मळा. ओळीनं बांबू रोवलेले, त्यांवर वेली चढलेल्या, चारी बाजूंना ताट्या आणि वरून गवताचं छप्पर. म्हणजे महाशिवरात्रीपर्यंत छप्पर होतं. त्यानंतर एका दुपारी सुपारीएवढ्या गारा आल्या आणि ते फाटून वेलींवर येऊन बसलं. वेली वाचल्या, सावली मात्र गेली. आणि पानवेलीच्या डोक्यावर सावली नसली की चैत्राचं ऊन तिची काडी करून टाकतं.

त्यात ही गाडी. गाडीवर हिरव्या जाळ्यांचा डोंगर रचलेला. त्यातली एक जाळी सुटून बरेजाच्या कुंपणात अडकली होती, कुंपण घेऊन पुढं गेली होती आणि शेवटी आसाला गुंडाळून बसली होती.

"उठा," रुख्मा म्हणाली.

"उठतो जी. पण जाळी आसाले गुंतली, पाय जाळीत गुंतला, अन् बैल चालून राहिले. सगळं एकाच वेळी कसं सोडवू?"

"माझे तीन बांबू उपटले तुम्ही."

"चार," गाडीखालून आवाज आला. "एक माझ्या पाठीखाली आहे."

रुख्मानं बैलांची वेसण धरली आणि विळा जाळीला लावला.

"कापू नोका, बाई. लढाईतला माल आहे."

"मग पाय कापू?"

गाडीखाली त्यानं पाय आणखी एकदा ओढून पाहिला. मग तो म्हणाला, "जाळीच कापा."

बाहेर आला तो सत्तावीस-अठ्ठावीसचा उंच गडी, केसांत धूळ, आणि एवढं होऊनही चेहऱ्यावर हसू. ते हसू पाहूनच रुख्माचा संताप आणखी चढला. तो रावणवाडीचा देवचंद. जर्मनी-जपानच्या लढाईच्या काळात बिरसीच्या हवाई पट्टीवर सामानाच्या कोठारात होता. लढाई संपली, सामान लिलावात निघालं, तेव्हा त्यानं विमानं झाकायच्या जाळ्या घेतल्या... मासेमारीला चालतील म्हणून. आज त्या बोदलकशाच्या तलावावरच्या ढिवर कोळ्यांना दाखवून तो परत निघाला होता.

"घेतल्या नाही त्यांनी?"

"हसले. म्हणाले, यात मासा येईन कसा, अन् आला त जाईन कसा नाही." त्यानं जाळीला बांधलेल्या हिरव्या-खाकी चिंध्या झटकल्या. "मी कोठारात होतो, तलावात नाही. मले काय माहीत?"

एवढ्यात चैतराम झोपडीतून लंगडत बाहेर आला. त्यानं आधी बांबूंकडं पाहिलं, मग जाळीकडं. त्याच्या डोळ्यांत जे चमकलं ते रुख्मानं ओळखलं आणि कपाळाला हात लावला.

"रुख्मा," तो म्हणाला, "ही वरतून टाकली त?"

गेल्या दहा दिवसांत चैतरामनं बरेजाचं छप्पर तीनदा ठरवलं होतं. राइसमिलवाला म्हणाला, टिन टाका. चैतराम दोन दिवस टिनाशिवाय बोलला नाही. रुख्मानं घरातला एक पत्रा आणून एका वेलीवर एक दुपार ठेवला आणि उकडलेली पानं बापाच्या हातात दिली. मग स्टेशनावरच्या पार्सलबाबूनं तिरपाल सुचवलं. मग चैतरामला आठवलं की नागपुरात कोण्या साहेबाच्या बागेत त्यानं काचेचं घर पाहिलं होतं. "काच, बाबूजी?" रुख्मा म्हणाली होती. "ज्या गावात गारा पडल्या त्या गावात काच?"

अडचण खरी होती, नाही असं नाही. बरेजाला गवतच लागतं. पण गारांनी साऱ्या गावाची घरं उघडी केली होती आणि छपराचं होतं नव्हतं गवत घरांवर चढलं होतं. तिला मिळालं ते जेमतेम तिसऱ्या हिश्श्याला पुरणारं होतं. धानाचं तणस टाकावं तर त्याला उधई, म्हणजे वाळवी, लागते. सध्या वेलींवर पळसाच्या फांद्या आणि जुनी लुगडी पसरून ती दिवस ढकलत होती.

"जाळी नाही," रुख्मा म्हणाली.

"पाहायले काय जाते?" चैतराम म्हणाला.

"हो जी, पाहायले काय जाते?" देवचंदही म्हणाला.

त्या क्षणी तिला दोघांनाही तलावात ढकलावंसं वाटलं. पण ती तेवीस वर्षांची होती, नवरा तापानं गेल्यापासून पाच वर्षं हा बरेजा तिनंच सांभाळला होता, आणि बापाला 'नाही' म्हणून काही होत नाही, दाखवावं लागतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"चार पट्टे करू," ती म्हणाली. "एकावर गवत, एकावर तणस, एकावर तिरपाल, एकावर ही तुमची जाळी. पंधरा दिवस. मग कोणी मले शिकवायचं नाही."

"माझा पट्टा कोणता?" देवचंदनं विचारलं.

"तुमचा कोणताच नाही. जाळी ठेवा अन् जा."

तो गेला. तिसऱ्या दिवशी परत आला.

"जाळी कशी आहे म्हटलं पाहावं."

"जाळी जाळीसारखी आहे."

पादत्राणं बाहेर काढून, हातपाय धुऊन मगच तो आत आला. न सांगता. बरेजात असंच जायचं असतं, पण बाहेरच्याला ते सांगावं लागतं. रुख्माला हे आवडलं, आणि आवडलं याचा वैतागही आला.

आत जाळीच्या पट्ट्यात ऊन बारीक ठिपक्यांनी पानांवर सांडलं होतं. वारा आला की ते ठिपके हलायचे, पानांवरून देवचंदच्या खांद्यावर, तिथून रुख्माच्या हातांवर... तिनं हात मागं घेतले.

"नवी पानं आली," तो कुजबुजला.

"तीन दिवसांत नवं पान येत नाही. ती जुनीच आहेत."

"मले नवी वाटली."

"तुमाले काय, सगळंच नवं वाटते."

"इथं त वाटते," तो म्हणाला, आणि वेलीकडंच पाहत राहिला.

मग तो एका दिवसाआड यायला लागला. कधी बांबू पोहोचवायला, कधी कुंपण नीट करायला, जे त्यानंच मोडलं होतं. वेल बांबूला बांधायचं काम त्यानं मागून घेतलं. सगळ्या गाठी ढिल्या. रुख्मा त्याच्या मागून ओळीनं जायची, प्रत्येक गाठ सोडायची, पुन्हा बांधायची.

"एवढ्या दिवसांत एक गाठ येत नाही तुमाले?"

"येते."

"मग ढिली काऊन बांधून राहिले?"

"तुम्ही मागून येता म्हणून."

रुख्माच्या हातातली वेल हातातच राहिली. काही तरी सणसणीत बोलायचं होतं तिला... पण जे सुचलं ते सणसणीत नव्हतं. पाण्याचा घडा उचलून ती तलावावर गेली. पाण्यात तोंड धुतलं. चैत्र लागायच्या आधीच गाल इतके तापतात म्हणजे काय, असं तलावालाच विचारल्यासारखं तिनं पाण्याकडं पाहिलं.

आत्या मनकर्णाबाई चैतरामकडंच राहायची. दिवसभर सुपारी कातरत दारात बसलेली. तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

"रुख्मा, एक विचारू व?" ती एकदा म्हणाली. "गावात येणाऱ्या-जाणाऱ्या साऱ्याले तू भाऊ म्हणते. गाडीवाला भाऊ, तेलवाला भाऊ. ह्या देवचंदले काऊन काहीच म्हणत नाही?"

"तो माझ्या डोक्याले ताप आहे. तापाले काय भाऊ म्हणायचं?"

"मी फक्त विचारून राहिली, बाप्पा," आत्या म्हणाली आणि पुन्हा सुपारी कातरू लागली.

आठ दिवसांनी पाहिलं तर तिरपालाखालची पानं मऊ पडून काळी झाली होती. तणसाला उधई लागली होती. गवताखाली वेल सुखात होती. आणि जाळीखालचीही... रुख्मानं पान उलटंपालटं करून पाहिलं, दोष शोधला, सापडला नाही. देवचंद शेजारी उभा राहून काहीच बोलत नव्हता. न बोलता इतकं चिडवता येतं हे तिला त्या दिवशी कळलं.

"हसू नोका."

"मी कोठी हसलो?"

"आतून हसून राहिले."

"आतलं तुमाले दिसते?" त्यानं विचारलं. "मग बाकीचंही दिसत असंन."

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी पहिली झळ आली. सकाळपासून पश्चिमेकडून भट्टीचं दार उघडल्यासारखा वारा सुटला, दुपारपर्यंत तलावाच्या पाळीवरची माती उडायला लागली. संध्याकाळी रुख्मा जाळीच्या पट्ट्यात गेली. पानांच्या कडा करपल्या होत्या. वेलींचे कोवळे शेंडे मान टाकून लोंबत होते.

ती जिंकली होती. पंधरा दिवस जे म्हणत होती तेच झालं होतं. दुसऱ्या दिवशी देवचंद येईल तेव्हा काय काय ऐकवायचं ते तिनं मनात जुळवून ठेवलं.

तो आला. त्यानं पानं पाहिली. वाद घातला नाही, कारण दिलं नाही. गपचूप घडा उचलला आणि वेलींच्या बुडाशी पाणी घालू लागला, एकेका वेलीला, सावकाश, जशी ती घालायची तसं. ओळ संपली तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"तुमचं खरं होतं," तो म्हणाला. "जाळी काढून नेतो."

रुख्माला राग आला. या माणसानं इतके दिवस प्रत्येक शब्दाला शब्द दिला आणि आज, जेव्हा तिला भांडायचं होतं, तेव्हा हा हार मानून मोकळा.

"एवढ्या लवकर काऊन नेऊन राहिले? जाळी वाईट नाही. ती ऊन चाळते. वारा चाळत नाही, एवढंच."

"अन् गवत?"

"गवत दोन्ही चाळते. पण गवत आहे कोठी?"

बोलता बोलता तिनं वर पाहिलं. शेजारच्या पट्ट्यातलं गवत वाऱ्यानं उडून जाळीवर येऊन पडलं होतं. चार काड्या इथं, मूठभर तिथं. चिंध्यांत अडकून जिथल्या तिथं राहिलं होतं. वाऱ्यानं हललंही नव्हतं.

देवचंद तिच्या नजरेच्या मागं वर पाहू लागला.

"छपराले जाड थर कायले लागते?" त्यानं हळूच विचारलं.

"बांबूंच्या फटीतून गवत गळते म्हणून. पातळ टाकलं त सगळं खाली."

"अन् खाली जाळी असली त?"

दोघंही एकदम बोलायला लागले आणि दोघंही एकदम थांबले. मग रुख्मा शिडीकडं धावली. पाचवा पट्टा त्यांनी त्याच दुपारी केला: खाली जाळी, वर गवताचा बोटभर थर. चार दिवस झळा सोसून त्याखालच्या वेलीनं शेंडा वर काढला. हा मात्र खरोखर नवा होता. पोपटी, ओला, करंगळीएवढा. तिसऱ्या हिश्श्याचं गवत असं पातळ पसरलं तर सगळ्या बरेजाला पुरणार होतं.

त्याच दिवशी तिरोड्याहून तिचा भाऊ उमराव आला.

उमराव वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त सगळं आटोपून टाकायची सवय होती. लुगडी पसरलेला बरेजा पाहून तो म्हणाला, "हे काय चालवलं? बाबूजी म्हातारे झाले. ही जागा मनिराम ठेकेदार वीटभट्टीसाठी मागून राहिला. देऊन टाकू, अन् तुम्ही दोघं, आत्या, माझ्याकडे चला. रुख्माचं मी पाहिलं आहे. माणूस तिरोड्याचाच. बायको गेली, तीन लेकरं आहेत. वैशाखात पाट लावून देऊ."

विधवेचं दुसरं लग्न, पाट, त्यांच्यात नवं नव्हतं. नवं एवढंच होतं की रुख्माला कोणी विचारलं नव्हतं.

"बरेजा मरणार नाही," ती म्हणाली.

"आठ दिवसांनी गाडी घेऊन येतो. तेव्हा पाहू."

आठ दिवसांत सगळा बरेजा झाकायचा होता. देवचंदनं रावणवाडीहून उरलेल्या जाळ्या आणल्या, स्वतःचं अंथरूण आणलं आणि ते चैतरामच्या ओसरीवर टाकलं. तो वर, ती खाली. ती गवताच्या पेंढ्या शिडीवरून द्यायची, तो जाळीवर उताणा-पालथा होऊन गवत पसरायचा. दिवसभर दोघांची भांडणं पाळीवरून ऐकू जायची.

"उजवीकडे जाड झालं."

"कोणती उजवी? तुमची का माझी?"

"बरेजाची."

गोंडांच्यात मुलीच्या घरी राबून तिला मिळवणाऱ्या गड्याला लमझना म्हणतात. तलावावर धुणं धुणाऱ्या बाया आता देवचंदला पाहिलं की एकमेकींना कोपरानं ढोसून तेच म्हणायच्या. रुख्मा ऐकायची, दात-ओठ खायची. देवचंद ऐकायचा आणि बायांना हात जोडून रामराम करायचा.

आठव्या दिवशी उमराव आला तेव्हा बरेजावर शेवटचा कोपरा सोडून सगळीकडं छप्पर होतं. आत हिरवा, गार अंधार. बाहेर वारा भाजत होता आणि आत वेली उभ्या होत्या. उमराव एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, परत आला.

"बरं केलं," त्यानं कबूल केलं. "भट्टीचं राहू दे. पण रुख्मा, तुझ्या पाटाचं काय? त्या माणसाले मी काय सांगू?"

रुख्मानं मान खाली घातली. देवचंद तिथंच, शिडीच्या पायरीवर एक पाय ठेवून उभा होता. आता बोलेल... आता तरी बोलेल. महिनाभर ज्याचं तोंड मिटलं नव्हतं त्यानं एवढं एक वाक्य बोलायचं होतं.

देवचंदनं छपराकडं पाहिलं. "उत्तरेकडचा कोपरा पातळ आहे," तो म्हणाला, आणि शिडी चढून वर गेला.

रुख्मानं डोळे मिटून घेतले.

"दोन दिवसांत निरोप धाडतो," चैतराम उमरावला म्हणाला. आत्यानं त्याला गूळ-पाणी दिलं. गाडी निघाली, आणि चाकांचा आवाज पाळीपलीकडं विरला तशी रुख्मा तडक बरेजात शिरली. उत्तरेच्या कोपऱ्यात वर गवत सळसळत होतं. माणूस दिसत नव्हता, जाळीतून फक्त एक गुडघा खाली आला होता.

"कोपरा पातळ आहे?" ती त्या गुडघ्याला म्हणाली.

गुडघा स्तब्ध झाला.

"होता. आता बरा आहे."

"भावानं काय विचारलं ते ऐकलं तुम्ही?"

"ऐकलं."

"अन् तुमाले गवत दिसलं."

वरून आवाज आला, पण नेहमीचा खट्याळ नाही. "तिथं तुमच्याबद्दल तुमचे भाऊ ठरवून राहिले होते. म्या मधात तोंड घातलं असतं त मीही ठरवणाऱ्यांत गेलो असतो. तुमाले आतापर्यंत सगळ्यांनी ठरवूनच सांगितलं... मले तुमाले विचारायचं होतं."

"मग विचारलं काऊन नाही?"

"महिना झाला, विचारूनच राहिलो."

"छपराबद्दल."

"छपराबद्दल विचारलं की तुम्ही बोलत होत्या. दुसऱ्या कशाबद्दल विचारलं की घडा घेऊन तलावावर जात होत्या."

रुख्मानं एक पान धरलं, सोडलं, पुन्हा धरलं.

"मी बरेजा सोडून रावणवाडीले येणार नाही," ती म्हणाली. इतक्या रागानं म्हणाली की धरलेलं पान खुडून हातात आलं.

"माझं अंथरूण आठ दिवसांपासून तुमच्या ओसरीवर आहे, बाई. रावणवाडीचं नाव कोणी काढलं?"

"लोक लमझना म्हणतात तुमाले."

"मले चालते." गुडघा नाहीसा झाला, गवत बाजूला झालं आणि जाळीतून त्याचे डोळे दिसले. धुळीनं माखलेले, घाबरलेले. "तुमाले चालते का... ते सांगा."

रुख्मा वर पाहत राहिली. हा माणूस तिचं कुंपण मोडून आला होता, त्यानं महिनाभर डोकं उठवलं होतं, एक गाठ धड बांधली नव्हती. आणि तो दिसला नाही त्या एक-एक दिवशी तिनं वाटेकडं किती वेळा पाहिलं होतं, ते फक्त तिला आणि कदाचित आत्याला माहीत होतं.

"खाली या," ती म्हणाली.

"आधी सांगा."

"खाली या म्हटलं ना. मान दुखून राहिली माझी."

तो उतरला. ती बाहेर आली तेव्हा चैतराम आणि आत्या दारातच होते, काही ऐकलं नाही असा चेहरा करून. रुख्मानं पदर खोचला आणि सरळ बापासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबूजी, उमरावभाऊले आजच निरोप धाडा. तिरोड्याच्या माणसाले नाही म्हणा."

"कारण विचारीन ना तो."

"मग कारण सांगा." तिनं मागं न पाहता देवचंदकडं हात केला. "हे इथं उभं आहे."

चैतरामनं देवचंदला वरून खालपर्यंत न्याहाळलं. केसांत गवत, सदरा फाटलेला, आणि जन्मात पहिल्यांदा लाजलेला.

"कारण चांगलं आहे," तो म्हणाला. "बोलते जास्त. पण चांगलं आहे."